लेझी सीक्वेन्सने फाइलवाचन

लेझी सीक्वेन्सने फाइलवाचन : फाइलमधला मजकूर एकदम मेमरीत न आणता, पुढची ओळ खरोखर लागेल तेव्हाच ती वाचण्याची फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधली (फंक्शने एकमेकांना जोडून प्रोग्रॅम रचण्याच्या शैलीतली) पद्धत. प्रोग्रॅमला फाइल म्हणजे ओळींची किंवा अक्षरांची एक साधी यादी दिसते. यादीतला पुढचा घटक मागितला की पडद्याआड वाचन होते. हॅस्केल या भाषेतील ‘रीडफाइल’ (फाइल वाचणारे) व ‘गेटकंटेंट्स’ (स्टँडर्ड इनपुट वाचणारे), क्लोजर या भाषेतील ‘लाइन-सेक’ (ओळींची यादी देणारे) ही याची परिचित उदाहरणे. जावातही आवृत्ती 8 (2014) पासून ‘फाइल्स.लाइन्स’ अशाच प्रकारे ओळी पुरवते.

लागेल तेव्हाच घडणाऱ्या यादीची कल्पना जुनी आहे. हेंडरसन व मॉरिस यांनी आणि वेगळेपणाने फ्रिडमन व वाइज यांनी 1976 मध्ये ती मांडली. 1990 च्या पहिल्या हॅस्केलमध्ये तर सगळी देवाणघेवाणच अशा याद्यांवर चाले : प्रोग्रॅम हे उत्तरांची यादी घेऊन मागण्यांची यादी देणारे फंक्शन होते. 1996 च्या आवृत्ती 1.3 ने मोनाडवर (कृती ठरलेल्या क्रमाने जोडण्याच्या रचनेवर) आधारित पद्धत आणली, पण ‘रीडफाइल’ लेझीच राहिले.

या पद्धतीचा फायदा सांगताना मेमरीची बचत पुढे केली जाते, पण ती साध्या लूपनेही होते. खरी कमाई कामांच्या विभागणीत आहे. काही जीबींच्या लॉगफाइलमधून त्रुटीच्या पहिल्या दहा ओळी हव्या असतील, तर ओळी देणारे, गाळणारे आणि पहिल्या दहा घेणारे अशी तीन स्वतंत्र फंक्शने एकापुढे एक जोडायची. दहावी ओळ सापडली की वाचन आपोआप थांबते. कुठे थांबायचे हे गाळणाऱ्या फंक्शनला ठाऊकही नसते. अर्थात डिस्कवरून मजकूर ओळीओळीने येत नाही. जावाचा बफर (वाचलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा) एरवी 8192 अक्षरांचा असतो, त्यामुळे लागते त्यापेक्षा थोडे जास्त वाचले जातेच.

अडचण येते ती फाइल बंद करण्यापाशी. यादीला वेळेचे बंधन नसते, उघड्या फाइलला असते. क्लोजरमध्ये ‘विथ-ओपन’च्या (काम संपताच फाइल बंद करणाऱ्या रचनेच्या) आत ‘लाइन-सेक’वर ‘मॅप’ (प्रत्येक घटकावर तेच फंक्शन लावणारे, तेही लेझी) लावून ते उत्तर तसेच बाहेर दिले, तर बाहेर पडताना फाइल बंद होते आणि ओळी मात्र वाचायच्या राहिलेल्या असतात. पुढे कोणी त्या मागितल्या की ‘स्ट्रीम क्लोज्ड’ हा एक्सेप्शन (चालू असताना येणारी त्रुटी) येतो, तोही चूक जिथे झाली तिथून दूर. ‘लाइन-सेक’ पहिली ओळ लगेच वाचून ठेवते, म्हणून फक्त पहिली ओळ तपासणारी चाचणी बिनबोभाट पास होते. ही चूक पुष्कळ दिवस लपून राहू शकते ती यामुळेच.

हॅस्केलमध्ये असे वाचन सुरू झाले की फाइल हँडल (उघड्या फाइलचा प्रोग्रॅमकडचा दुवा) ‘अर्धबंद’ अवस्थेत जाते. शेवटपर्यंत वाचले तर ते आपणहून बंद होते. अर्धवट सोडले तर कचरा-संकलनाची (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी होण्याची) वाट पाहत उघडे राहते. हजारो फाइलींची पहिली ओळ वाचायला जावे आणि ऑपरेटिंग सिस्टिमची उघड्या फाइलींची मर्यादा ओलांडली जावी, हे त्यातूनच घडते. वाचलेल्या फाइलवर लगेच लिहायला गेल्यास ती अजून अडकलेली असल्याची त्रुटी मिळते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, हॅस्केल 2010 च्या व्याख्येनुसार या अवस्थेतल्या वाचनत्रुटी सरळ टाकून दिल्या जातात. मग तुटलेली यादी आणि पूर्ण यादी यांत फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.

मेमरीची बचतही गृहीत धरता येत नाही. एकाच यादीची आधी बेरीज आणि मग संख्या काढली, तर दुसऱ्या फेरीसाठी यादी सुरुवातीपासून धरून ठेवावी लागते आणि सगळी फाइल मेमरीत साठते. दोन्ही आकडे एकाच फेरीत काढले की हा प्रश्न मिटतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे फाइल उघडी असतानाच ‘रिड्यूस’ने (सगळे घटक एकापुढे एक घेऊन एकच उत्तर काढणाऱ्या फंक्शनने) अंतिम उत्तर काढून घेणे, यादीच हवी असेल आणि ती लहान असेल, तर ‘डूऑल’ने (पूर्ण यादी लगेच वाचायला लावणाऱ्या फंक्शनने) ती पूर्ण वाचून मगच बाहेर पडणे. जावातही ‘फाइल्स.लाइन्स’ ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’मध्ये (काम संपताच फाइल बंद करणाऱ्या रचनेत) वापरणे योग्य. हॅस्केलमध्ये ओलेग किसेल्योव्ह यांच्या ‘इटरेटी’ (तुकडे घेत पुढे जाणारा वाचक) कल्पनेने आणि पुढे ‘पाइप्स’, ‘कॉन्ड्युइट’ या लायब्ररींनी तुकड्यातुकड्याने वाचन कायम ठेवून फाइल कधी बंद होणार हे स्पष्ट केले. क्लोजरच्या आवृत्ती 1.7 मधील ट्रान्सड्यूसर गाळण्या-बदलण्याची कृती यादीपासून अलग करतात, त्यामुळे तीच कृती ‘रिड्यूस’च्या आत वापरता येते. सतत चालणाऱ्या सर्व्हरसाठी हेच मार्ग धरावेत. स्टँडर्ड इनपुट वाचून स्टँडर्ड आउटपुटवर लिहिणाऱ्या आणि लगेच संपणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला मात्र ‘गेटकंटेंट्स’ आजही पुरेसे आहे, कारण प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सर्व फाइली बंद करतेच.