रत्नागिरीचं मत्स्यालय: घाई न करता बघा

आमच्या सुरुवातीच्या सहलींत मत्स्यालयाला वीस मिनिटं असायची. थिबा पॅलेस झाला की जेवणाआधी एक फेरी, फोटो, की लगेच गाडीत. आता आम्ही त्याला दीड-दोन तास देतो, आणि त्याआधी सकाळी लवकर तुम्हाला मिरकरवाडा बंदरावर नेतो. होड्यांतून उतरलेली टोपली आधी पाहिली की संग्रहालयातल्या बरण्यांत ठेवलेले जीव परके वाटत नाहीत.

बंदरावर लेपा हा चपटा मासा दिसला तर जरूर निरखून बघा. दोन्ही डोळे एकाच बाजूला! पिल्लू असताना ते इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा तळाशी आडवा पडून राहायला लागतो. माकुलही (स्क्विड) बघून ठेवा. किनाऱ्यावर सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेस म्हणजे त्याच्याच एका जातभाईच्या पाठीतलं कवच.

मत्स्यालय आणि संग्रहालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे. इथला देवमाशाचा सांगाडा सुमारे 55 फुटांचा. आमच्या सतरा आसनी दोन गाड्या एकापाठोपाठ उभ्या केल्या तरी तो पुढे उरेल. देवमासा नावाचाच मासा: फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात आपल्या हातासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडं असतात. मुलांना स्वतःचा हात पसरून हे समजावून सांगा. एकदा पटलं की ती विसरत नाहीत. मुशीची, म्हणजे शार्कची, गोष्ट उलटी. ती खरा मासा, पण तिच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा.

टाक्यांपाशी एकच विनंती. काचेवर टकटक करू नका, फ्लॅश बंद ठेवा. माशाच्या दोन्ही कुशींना पाण्यातली थरथर टिपणारी एक रेघ असते. आपली टिचकी त्याला अंगावर जाणवते. एका टाकीसमोर पाच मिनिटं गप्प उभे राहा, दगडाआड लपलेले जीव आपोआप बाहेर येतात.

शिंपले, वाळवलेला समुद्रघोडा किंवा प्रवाळ कुणी विकायला आणलं, तर घेऊ नका. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिंपल्यांच्याही काही जाती त्यात येतात, आणि त्या ओळखणं आपल्याला सोपं नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा बंदराची फेरी वगळून तो वेळही मत्स्यालयाला देतो. पावसात पाहायला ही जागा फार चांगली. तिकीट आणि वेळ आम्ही आदल्या दिवशी विचारून ठेवतो. सोबत वयस्कर मंडळी असतील तर बुकिंग करतानाच सांगा, म्हणजे गाडी अगदी दारापर्यंत आणू.