सदनिकांतील ऊर्जाबचतीसाठी शासकीय अनुदान

बहुमजली इमारतीतील घरे उबदार किंवा गार ठेवण्यास लागणारी ऊर्जा कमी व्हावी, म्हणून भिंती-छतांचे उष्णतारोधन, दुहेरी काचांच्या खिडक्या, तापनयंत्रणेतील बदल इ. कामांच्या खर्चाचा वाटा शासनाने उचलण्याची पद्धत. रोख रक्कम, कर्जाच्या काही भागाची माफी व करसवलत ही तिची रूपे होत. करसवलतीला अनुदान म्हणावे का, हा वाद आहे. पण इटलीच्या २०२० मधील ‘सुपरबोनस’ योजनेत खर्चाच्या ११० टक्के करसवलत मिळे व ती बँकेला किंवा कंत्राटदाराला हस्तांतरित करता येई. तेथे हा भेद फारसा उरत नाही.

पद्धतीचा उगम सामान्यतः १९७३ च्या तेलसंकटाशी जोडतात. काही अभ्यासक तो ब्रिटनच्या १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातील घरसुधारणा अनुदानापर्यंत मागे नेतात. मात्र त्या अनुदानाचा रोख न्हाणीघर, शौचालय अशा सोयींवर होता. इंधनाची बचत हा निकष त्यात नव्हता. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेत अल्प उत्पन्न कुटुंबांसाठीचा कार्यक्रम १९७६ च्या कायद्याने सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९७८ च्या कायद्याने छताखालच्या पोकळीत रोधक थर घालण्यास पैसे मिळू लागले. ही मदत स्वतंत्र घर डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. चार मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला छताखालची पोकळी कुठली?

सदनिकेचा खरा पेच मालकीचा आहे. खिडकी बहुधा एकाची, बाहेरची भिंत सर्वांची. शिवाय उष्णतेची गळती सारखी नसते : सर्वांत वरच्या व कोपऱ्यावरच्या सदनिकेत ती जास्त, मधल्या सदनिकेत कमी. मधल्याने तापक बंद ठेवला तरी शेजाऱ्यांची ऊब भिंतींतून त्याच्याकडे झिरपत राहते. मग खर्चाला त्याने हात का लावावा? भाडेकरू असल्यास गुंता आणखी वाढतो, कारण खर्च मालकाचा आणि बिलातली बचत भाडेकरूची. म्हणून अनेक योजनांनी लाभार्थी व्यक्तीऐवजी रहिवाशांची संस्था ठरवली. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने सामाईक बांधकामातील बदल साध्या बहुमताने मंजूर करता येऊ लागले. अशी तरतूद नसेल तर मंजूर पैसाही पडून राहण्याचा धोका असतो.

तांत्रिक बाजूस उष्णतासेतूचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सज्जाचा काँक्रीटचा स्लॅब भिंतीतून सलग बाहेर जातो, तेव्हा आतली उष्णता त्या वाटेने निसटते. भिंतीला रोधन केले आणि हा सांधा तसाच सोडला, तर आतला कोपरा थंड राहून तेथे दव धरते. कपाट सरकवल्यावर दिसणारा बुरशीचा काळा पट्टा बहुतेकदा याच जागी असतो. घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्यांनी हवेची ये-जा थांबली की तो वाढतो. एस्टोनियाने २०१० नंतरच्या योजनेत नूतनीकरण किती सखोल आहे त्यानुसार खर्चाच्या १५, २५ व ३५ टक्के अनुदानाचे टप्पे ठेवले आणि वरच्या टप्प्यासाठी उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा आवश्यक केली. सुट्या खिडक्यांना पैसे देण्यापेक्षा ही रचना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

फ्रान्समध्ये २०२० पासूनच्या योजनेला पुढे सामाईक मालकीच्या इमारतींसाठी वेगळी शाखा जोडण्यात आली. २०२४ च्या नियमांनुसार तीत कामानंतर ऊर्जावापर किमान ३५ टक्के घटणे अपेक्षित होते.

प्रत्यक्ष बचत अंदाजाइतकी होते का, हा वाद जुना आहे. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने कोळशासंबंधी १८६५ मध्ये मांडले होते. मिशिगनमधील सुमारे ३०,००० कुटुंबांवर आधारित व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीचा खर्च ऊर्जाबचतीच्या मूल्याच्या सुमारे दुप्पट आढळला. मात्र तो अमेरिकी अल्प उत्पन्न कुटुंबांच्या कार्यक्रमापुरता आहे. सामाईक भिंतींच्या इमारतींना तो जसाच्या तसा लावता येत नाही.