टाकी रिकामी केली म्हणजे वाफ गेली असं नाही

आपल्याकडं सोलापुरात बाइकच्या टाकीला भोक पडलं किंवा ट्रॅक्टरची डिझेल टाकी तळाला गळायला लागली की गाडीवाला वेल्डिंगवाल्याला पहिलं हेच सांगतो, "टाकी रिकामी करूनच आणलीय, एक टाका मारून द्या." आणि बऱ्याच ठिकाणी समोरचा मारून पण देतो. मला याचीच भीती वाटते, कारण रिकामी टाकी वेगळी आणि आतली वाफ गेलेली टाकी वेगळी.

पेट्रोलमध्ये पेटते ती त्याची वाफ, आणि ती पण हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असली तरच. पेट्रोल भरलेल्या बंद टाकीत वरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. तुम्ही पेट्रोल ओतून काढलं की तेवढी बाहेरची हवा आत शिरते, सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्याखाली राहिलेलं चमचाभर पेट्रोल वाफ सोडत राहतं, आणि आतलं मिश्रण नेमकं पेटण्यासारखं होतं. म्हणजे नुसती रिकामी केलेली टाकी आतून जास्त धोक्याची. (पण म्हणून कुणी भरलेल्या टाकीला वेल्डिंग करायला जाऊ नका, गळतीच्या जागी बाहेर पेट्रोल असतंच.)

झाकण उघडून दिवसभर उन्हात ठेवली, आता काय होतंय, असं पण म्हणतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती तळाशी बसून राहते. वास येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, नाकाला थोड्या वेळात सवय होते. कंप्रेसरची हवा मारली तर दाट वाफ पातळ होऊन उलट पेटण्याच्या टप्प्यात येऊ शकते, आणि हवा बंद केली की गंजाखालून परत वाफ सुरू. काही जण दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर पाइपने आत सोडतात, पण डिझेल इंजिनच्या धुरात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो, त्याच्या भरवशावर वेल्डिंगचा आर्क मारायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे.

वाफ खरंच घालवायची तर टाकी गाडीवरून उतरवायची, कॉक, फ्लोट, पाइप सगळं काढायचं, गरम पाणी आणि डिटर्जंटनं परत परत धुवायची, स्टीम मिळाली तर फारच चांगलं, आणि शेवटी गॅस मीटर (पेटणारी वाफ किती आहे ते दाखवणारं यंत्र) आत सोडून रीडिंग बघायचं. मग वेल्डिंगची जागा वर येईल अशी टाकी ठेवून त्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि उरलेल्या जागेत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं. काम थांबवून चहा पिऊन आलात तर परत मीटर लावायचा.

"डिझेल आहे ओ, काडी टाकली तरी पेटत नाही" हे तर ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांचं ठरलेलं. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश धरलाय आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊनच चाळिशी पार करतं. त्यात आर्कनं पत्रा तापला की आतल्या बाजूला चिकटलेलं तेलकट डिझेल लगेच वाफ धरतं. ट्रकच्या टाकीत आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामागं ते अडकून बसतं, एका धुण्यात निघत नाही.

टाकीला हात न लावता शेजारी चॅसीला किंवा सायलेन्सरच्या ब्रॅकेटला वेल्डिंग असेल तर गोष्ट उलटी. तिथं टाकी उघडायचीच नाही, झाकण घट्ट लावून उतरवून लांब ठेवायची. नाहीच निघाली तर टाकी आणि पाइपवर फायर ब्लँकेट टाकायचं, ओलं पोतं बघता बघता वाळतं. हल्ली इंधनाचे पाइप बऱ्याच गाड्यांत नायलॉनचे असतात, एक ठिणगी बसली तरी भोक पडतं, आणि ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. बॅटरीची वायर काढायची, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट कुठून कुठं फिरेल सांगता येत नाही. आग विझवायचा पावडरचा सिलेंडर हाताशी ठेवायचा, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते. काम संपल्यावर पण एक माणूस अर्धा-पाऊण तास तिथंच लक्ष ठेवून थांबू दे.

आणि बाइकची टाकी असेल, दुकानात धुवायची सोय नाही, मीटर नाही, तर टाका मारायचा आग्रहच धरू नका, टाकी बदलून टाका.