मिसकॅरेजनंतर पुन्हा चान्स कधी घ्यायचा, आणि तोपर्यंत सोबत कोणाची

मिसकॅरेज झाल्यावर बहुतेक जणींच्या मनात पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न येतो, परत ट्राय कधी करायचं? आणि तो विचारायची लाजही वाटते, की आत्ता तर सगळं झालंय आणि आपण लगेच पुढचं काय बोलतोय. मला नवव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं तेव्हा मी डॉक्टरांना हे विचारलंच नाही, रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसले, कुठे लिहिलेलं तीन महिने थांबा, कुठे सहा, कुठे वर्षभर, आणि वाचून वाचून डोकं अजूनच बधिर झालं. नंतर हळूहळू बरंच वाचलं, कुठल्या अभ्यासात नेमकं काय सापडलंय ते समजून घेतलं. ते इथे लिहितेय कारण तेव्हा हे मला कोणी शेजारी बसून सांगायला हवं होतं.

सुरुवात तुमच्यामुळे झालं का, इथून करते, कारण हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही. तुम्ही जड बादली उचललीत, जिना चढलात, भांडलात, ऑफिसला गेलात, म्हणून हे झालं नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत होणाऱ्या मिसकॅरेजपैकी निम्म्यात किंवा त्याहून जास्त केसेसमध्ये गर्भाच्या क्रोमोसोमची, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची, संख्याच चुकलेली असते. हे कसं होतं तर मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार होतात, आणि पेशी विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात, वीस वर्षं, तीस वर्षं, पस्तीस वर्षं. ज्या महिन्यात त्या बीजाची बाहेर पडायची पाळी येते त्याच महिन्यात ते विभाजन पुढे सरकतं. इतकी वर्षं क्रोमोसोमना एकत्र बांधून ठेवणारं कोहेसिन नावाचं प्रोटीन वयाबरोबर कमी होत जातं, बांधणी सैल पडते, मग वाटणीच्या वेळी एका बाजूला एक क्रोमोसोम जास्त जातो आणि दुसरीकडे कमी पडतो. सोळाव्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती, हा मिसकॅरेजमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार, आणि असा गर्भ पूर्ण वाढूच शकत नाही. म्हणजे टेस्टवर दोन रेघा दिसायच्या कितीतरी आधी, बीज आणि शुक्राणू एकत्र येण्याच्या आसपासच हे बहुतेक वेळा ठरून गेलेलं असतं. त्यानंतर तुम्ही दिवसभर पडून राहिला असतात तरी काही बदललं नसतं, आणि बेड रेस्टने मिसकॅरेज टळतं असा पुरावा कोणालाही मिळालेला नाहीये.

तरी आपण स्वतःलाच दोष देतो. २०१५ साली अमेरिकेत हजारावर लोकांचा एक सर्व्हे छापून आला होता, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना वाटत होतं की मिसकॅरेज ही अगदी क्वचित होणारी गोष्ट आहे, १०० मध्ये ५ किंवा त्याहूनही कमी. ६४ टक्के लोकांना वाटत होतं जड उचलल्याने होतं. खरा आकडा काय तर प्रेग्नन्सी आहे हे कळल्यानंतर साधारण १५ टक्के केसेसमध्ये मिसकॅरेज होतं, जगात वर्षाला जवळपास २ कोटी ३० लाख, दर मिनिटाला ४४. हा लेख वाचून होईपर्यंत कितीजणी झाल्या त्याचा हिशोब मी एकदा केला होता आणि मग फोन बाजूला ठेवून बसून राहिले होते.

आता थांबायचं किती. सहा महिन्यांचा जो नियम सगळीकडे ऐकू येतो तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आलाय, आणि त्याचा मुख्य आधार होता लॅटिन अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास. त्या नोंदींमध्ये आपोआप झालेलं मिसकॅरेज आणि करून घेतलेला गर्भपात एकत्रच धरलेले होते, आणि त्यामुळे तो निष्कर्ष सगळ्यांना जसाच्या तसा लागू करायचा का, यावर नंतर बरीच चर्चा झाली. मग पुढचे अभ्यास आले. २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर बायकांच्या नोंदी तपासल्या तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांमध्ये दुसऱ्यांदा मिसकॅरेज होण्याचं प्रमाण उलट कमी निघालं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांनी तीन महिन्यांच्या आत ट्राय करायला सुरुवात केली त्यांच्यात ५३ टक्के जणींना मूल झालं आणि जास्त थांबलेल्यांमध्ये ३६ टक्के. २०२२ मध्ये नॉर्वेतून जवळपास ४९ हजार बाळंतपणांच्या नोंदी आल्या, तिथेही तीन महिन्यांच्या आत दिवस राहिले म्हणून बाळ वेळेआधी होणं, वजन कमी भरणं, असला धोका वाढलेला दिसला नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी की लवकर ट्राय करणाऱ्या जोडप्यांमध्ये मुळातच लवकर दिवस राहणारी, तब्येतीने ठणठणीत असलेली जास्त असू शकतात, म्हणून घाई केली की फायदा होतो असा अर्थ मी काढणार नाही. पण घाई केली तर नुकसान होतं हेही कुठे दिसत नाही. एका साध्या, लवकर झालेल्या मिसकॅरेजनंतर शरीराला मुद्दाम महिनोनमहिने विश्रांती द्यायची गरज असते असं आज म्हणता येत नाही, एवढं मला पटलंय.

कारण शरीर स्वतःच फार लवकर मार्गावर येतं. प्रेग्नन्सीचं एचसीजी हॉर्मोन उतरत उतरत काही आठवड्यांत शून्यावर येतं, ते खाली आलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून पुन्हा सिग्नल सुरू होतात, आणि पहिलं बीज दोन आठवड्यांतसुद्धा बाहेर पडू शकतं. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. म्हणजे पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, आणि सध्या नकोय असं ठरवलं असेल तर लगेच काळजी घ्यावी लागते. एक पाळी येऊ द्या असं डॉक्टर म्हणतात ते मुख्यतः पुढच्या प्रेग्नन्सीचे दिवस नीट मोजता यावेत म्हणून. या मधल्या काळात घरच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका हे मात्र कळकळीने सांगते, कारण जुनं एचसीजी रक्तात असेपर्यंत टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि मन उगाच वर जाऊन खाली आपटतं. बीज कधी बाहेर पडेल ते सांगणाऱ्या ओव्ह्युलेशन किटचंही तसंच, ती ज्या एलएच हॉर्मोनला ओळखते त्याची रचना एचसीजीशी इतकी मिळतीजुळती आहे की काही किट फसतात.

काही जणींना मात्र खरंच थांबावं लागतं आणि तिथे तडजोड नको. द्राक्षगर्भ म्हणजे मोलर प्रेग्नन्सी (पिशवीत गर्भाऐवजी वारेचीच विकृत वाढ) असेल तर एचसीजी पूर्ण उतरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत. गर्भ नळीत राहिला होता आणि मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण तीन महिने, कारण ते औषध शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्याच कामात अडथळा आणतं. इन्फेक्शन झालं असेल, रक्त खूप गेलं असेल, शुगर किंवा थायरॉइड ताब्यात नसेल तर आधी ते. पिशवी साफ केली असेल तर रक्तस्राव पूर्ण थांबेपर्यंत तरी संबंध नकोत. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या शरीरात पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) लागतंय का ते तेव्हाच विचारा, ते नंतरवर टाकायचं काम नाही. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलेलं बाळ ही वेगळी गोष्ट आहे, त्याची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या, त्यावर इथलं सगळं लागू होत नाही.

तयारी म्हणाल तर ती फार मोठी नसते. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ते दिवस जायच्या आधीपासून, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात बंदही होते, म्हणजे पाळी चुकलीय हे लक्षात येईपर्यंत ते काम जवळपास उरकत आलेलं असतं. दिवस जाण्याची शक्यता असते ती बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढे सहाच दिवस. अलार्म लावून, तारखा मोजून त्या सहा दिवसांचं परीक्षेसारखं करण्यापेक्षा एक-दोन दिवसाआड जवळ येणं पुरेसं असतं, नात्यालाही तेच बरं पडतं. आणि ही तयारी फक्त बाईची नाही, शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, त्यामुळे नवऱ्याने आज सिगरेट सोडली तर त्याचा फायदा दिसायला दोन-अडीच महिने जातात.

इथपर्यंत शरीराचं झालं. मनाचं वेळापत्रक वेगळं चालतं आणि त्याबद्दल बोललंच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०२० मध्ये लंडन आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात प्रेग्नन्सी गेल्यावर महिन्याभराने २९ टक्के बायकांमध्ये ट्रॉमाच्या ताणाची लक्षणं होती, सारखी तीच दृश्यं डोळ्यासमोर येणं, दचकून जाग येणं, ती जागा टाळणं. नऊ महिन्यांनंतरही १८ टक्के जणींमध्ये ती होतीच. अपघातातून वाचलेल्या माणसाच्या मनाला जे होतं तसलंच हे, आणि आपण त्यावर काय म्हणतो तर झालं गेलं विसर, अजून वय आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मला माहितीये, पण जे गेलं ते मोजण्यातलंच नव्हतं असा त्याचा अर्थ ऐकणारीला लागतो.

नवऱ्यांमध्येही ही लक्षणं सापडतात, कमी प्रमाणात, पण सापडतात, फक्त त्यांना विचारत कोणी नाही. आमच्या घरी तर मी रडायचे आणि तो भांडी घासायचा, रोज, न बोलता, आणि मला वाटायचं याला काहीच झालेलं नाहीये. दीड महिन्याने कळलं की त्याने सोनोग्राफीचा तो छोटा फोटो पाकिटात ठेवलाय. पुन्हा ट्राय करण्याबाबतही दोघांचा वेग सारखा नसतो, एकाला लगेच हवं असतं, दुसऱ्याला नुसत्या विचारानेही धडकी भरते, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा मला समजून घेत नाहीये. यावर आम्हाला जे उपयोगी पडलं ते इतकंच की दर पाळीनंतर एकदा बसून विचारायचं, या महिन्यात करायचं का? आणि दोघांपैकी एक जरी नको म्हणाला तर नको, त्यावर वाद घालायचा नाही.

घराबाहेरची सोबतही लागते. त्या २०१५ च्या सर्व्हेत मिसकॅरेज झालेल्यांपैकी ४१ टक्के लोकांना आपण एकटे पडलोय असं वाटत होतं, पण एखाद्या मित्रमैत्रिणीने आपलंही असंच झालं होतं असं सांगितलं तेव्हा ४६ टक्के लोकांना तो एकटेपणा कमी झाल्यासारखं वाटलं. नुसतं सांगितल्याने! कसलं औषध नाही, सल्ला नाही. पण असे गट, अशा मैत्रिणी असतात तिथे एक अवघड वळण येतं, एकीची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि दुसरीची येत नाही. आनंदही होतो आणि पोटात खड्डाही पडतो, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं होतं की ही बातमी फोनवर किंवा समोरासमोर सांगायची नाही, मेसेज करायचा, म्हणजे समोरचीला आधी आपलं रडून घेता येईल आणि मग मनापासून अभिनंदन करता येईल.

सोबतीचा परिणाम प्रत्यक्ष प्रेग्नन्सीवर होतो का, हेही तपासलं गेलंय. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी, ज्यांना वारंवार मिसकॅरेज झालंय आणि कारण सापडत नाहीये अशा बायकांना पुढच्या वेळी दर आठवड्याला बोलावलं, तपासलं, धीर दिला, त्यांच्यात ८६ टक्के प्रेग्नन्सी यशस्वी झाल्या, आणि ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ३३ टक्के. अभ्यास छोटा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे फरक नुसत्या धीराने पडला असं ठामपणे नाही म्हणता येत. तरीही आज वारंवार मिसकॅरेजच्या बऱ्याच क्लिनिकमध्ये पहिल्या तीन महिन्यांत लवकर स्कॅन आणि हक्काने फोन करायला माणूस दिला जातो, आणि मला वाटतं ते पहिल्या मिसकॅरेजनंतरही मिळायला हवं.

आकड्यांत बोलायचं तर एका मिसकॅरेजनंतर पुन्हा तसं होण्याचा धोका साधारण दीडपट होतो, म्हणजे तरीही बहुतेक जणींची पुढची प्रेग्नन्सी नीट पार पडते. तीन वेळा झालं असेल तर तो बराच वाढतो, पण दोनदा झाल्यावरच तपासण्या सुरू करा असं आता बरेच तज्ज्ञ म्हणतात, विशेषतः अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमसाठी (यात रक्तात सहज गुठळ्या होतात), कारण त्यात ॲस्पिरिन आणि हेपरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं देऊन खरंच फरक पडतो. गर्भ टिकवायला मदत करणारं प्रोजेस्टेरॉन हॉर्मोन औषध म्हणून सरसकट सगळ्यांना उपयोगी नाही. २०१९ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये, आधी मिसकॅरेज झालेलं आणि या वेळी सुरुवातीला ब्लीडिंग होतंय, अशा बायकांना त्याचा फायदा दिसला, आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांमध्ये सगळ्यात जास्त, मूल होण्याचं प्रमाण ५७ वरून ७२ टक्के. म्हणून पुढच्या वेळी डाग दिसला तर घाबरून घरी बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

पुढची प्रेग्नन्सी पहिल्यासारखी बेफिकीर नसते. प्रत्येक वेळी बाथरूममध्ये गेल्यावर आधी डाग आहे का ते बघितलं जातं, मळमळ एक दिवस कमी झाली तरी जीव घशाशी येतो. त्रास नसताना आठव्या आठवड्यात ठोके दिसले तर पुढे धोका एकदोन टक्क्यांपर्यंत उतरतो, हे मला पाठ होतं, तरी स्कॅनच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. सकाळी निघताना फोन बघितला तर तिघींचे मेसेज होते, पोचलीस की सांग, काहीही असलं तरी सांग. आत गेल्यावर मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि त्याचा चेहरा बदलला तेव्हा मग वळून बघितलं.