शॅमेलिऑनचा रंग लपण्यासाठी नव्हे

निवडणुका जवळ आल्या की ठाण्यातल्या नाक्यानाक्यांवर सरड्याची आठवण निघते. परंतु रंग बदलण्याबद्दल जगभर ख्याती असलेला शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा सरडा, टोमणे मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांच्या कुंपणावर विणीच्या हंगामात डोके आणि गळा लाल करून माना डोलावणारा प्राणी म्हणजे बागेतला साधा सरडा. तो घोयऱ्याचा जवळचा नातलग खरा, पण त्याचे कूळ वेगळे.

घोयरा ज्या फांदीवर बसतो तिचाच रंग धारण करतो, ही समजूत चुकीची आहे. शांत असतानाचा त्याचा हिरवट रंग पालवीत सहज मिसळतो, हे खरे. मात्र रंग बदलण्यामागे मुख्यतः शरीराचे तापमान आणि इतर शॅमेलिऑनना द्यायचा इशारा ही कारणे असतात. गारठ्यात तो गडद होऊन ऊन अधिक शोषतो. अरबस्तानातील एका जातीवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या नरांच्या डोक्यावरचे रंग अधिक उजळ होतात आणि अधिक वेगाने पालटतात, ते झुंजीत सरस ठरण्याची शक्यता जास्त असते. लपणाऱ्या प्राण्याचे हे वर्तन नव्हे.

या बदलाचे रहस्य जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये उलगडले. त्याच्या त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. नर शांत असताना ही जाळी दाट असते, त्यामुळे निळा प्रकाश परावर्तित होतो आणि त्वचेतील पिवळ्या रंगद्रव्याशी मिळून तो हिरवा भासतो. नर उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी प्रकाश बाहेर पडू लागतो. म्हणजे येथे नवा रंग तयार होतच नाही, बदलते ती फक्त रचना.

दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवणारा आणि शरीराहूनही लांब जीभ क्षणार्धात फेकणारा हा शिकारी चालतो मात्र झुलत, अडखळत. भारतीय घोयऱ्याची मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून उतरून जमीन उकरते, तेव्हा हा संथपणा तिला महागात पडतो, विशेषतः वाटेत रस्ता असेल तर. शिवाय विषारी समजून त्याला ठेचणारेही भेटतात. घोयऱ्याला विष नसते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे.