तिसऱ्या आठवड्यात काटा का अडतो?

आमच्या चौकात ‘सात दिवसांत पाच किलो’ असा भलामोठा फलक लागला, त्याच सुमारास माझी थोरली बहीण वजन कमी करण्याचा नाद सोडायला निघाली होती. दुधाचा हिशेब ज्या दिनदर्शिकेवर असतो, तिच्यावरच ती रोजचे वजन पेन्सिलीने लिहीत असे. पहिल्या दिवशी ८४.०, नवव्या दिवशी ८१.६, त्यानंतर दहा दिवस तेवढ्यातच मागेपुढे, आणि भाच्याच्या मुंजीच्या दुसऱ्या दिवशी एकदम ८२.५. “पोटाला चिमटा काढूनही वजन वाढतच असेल, तर जिवाचे हाल कशाला करून घ्यायचे?” हा तिचा प्रश्न होता. अशा वेळी माणसाला इच्छाशक्तीचे धडे दिले जातात. मला मात्र वाटते की त्याआधी काटा नेमके काय मोजतो, हे त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवे.

आपले शरीर ऊर्जा दोन प्रकारे साठवते. एक चरबी, आणि दुसरे ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू जोडून तयार झालेली फांद्याफांद्यांची साखळी. यकृतात ते साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असते. ग्लुकोज सुटे न ठेवता साखळीत ओवण्यामागचे कारण मला फार सुंदर वाटते. पेशीत सुटे रेणू जितके जास्त, तितके पाणी परासरणाने आत ओढले जाते. एवढे ग्लुकोज सुटे राहिले असते, तर पेशी फुगून फुटल्या असत्या. साखळी केल्यावर हजारो रेणूंचा एकच रेणू होतो आणि हा धोका टळतो. तरीही त्या साखळीला पाणी धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट जागोजागी असतातच, त्यामुळे एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. चरबीला पाण्याचे वावडे असल्याने ती जवळजवळ कोरडीच साठवली जाते.

आता हिशेब करू. एक ग्रॅम ग्लायकोजेनमधून चार कॅलरी मिळतात, परंतु सोबतचे पाणी धरले तर त्याचे वजन चार ग्रॅम भरते. म्हणजे ग्रॅममागे एकच कॅलरी. शरीरातील चरबीच्या एका किलोत मात्र सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आहार कमी केल्यावर पहिल्या काही दिवसांत ग्लायकोजेनचा निम्मा साठा जरी वापरला गेला, तरी काटा एक किलोने उतरतो, आणि शरीराने खर्च केलेल्या असतात अवघ्या हजार कॅलरी. तेवढ्याच कॅलरी चरबीतून खर्च झाल्या असत्या, तर काट्यावर जेमतेम १३० ग्रॅमचा फरक दिसला असता. याच्या जोडीला, पिष्टमय पदार्थ कमी झाल्याने इन्शुलिन उतरते, मूत्रपिंडातील नलिका सोडियम परत शोषून घेण्याचे काम सैल करतात, आणि सोडियमच्या पाठोपाठ आणखी पाणी बाहेर पडते.

पहिल्या आठवड्यातील घसरगुंडीचा मोठा वाटा या पाण्याचा असतो, आणि ‘सात दिवसांत पाच किलो’वाल्यांचा सारा धंदा त्यावरच चालतो. घाम काढणारे पट्टे आणि ‘चरबी वितळवणारे’ काढे जे घालवतात, ते दोन तांब्ये पाणी पोटात गेले की परत येते.

रोज ५०० कॅलरींची तूट पाळली, तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम चरबी कमी होते. पुढे शरीर हलके झाल्यावर त्याचा खर्चही घटतो आणि हा वेग मंदावतो. मात्र पाण्यामुळे एकाच व्यक्तीचे वजन एका दिवसात किलोभर सहज हलते. मुंजीच्या पंगतीत लोणचे, पापड, पुऱ्या आणि श्रीखंड झाले, की रिकामी झालेली ग्लायकोजेनची कोठारे पाण्यासकट भरतात, आणि शरीरात राहिलेले नऊ ग्रॅम मीठ जवळपास एक लिटर पाणी अडवून धरते. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीही पाणी साचते. बहिणीने चढवलेले ते किलोभर वजन चरबीचे असायचे, तर तिला त्या दिवशी गरजेपेक्षा सुमारे सात हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. एवढे पंगतीतला पट्टीचा खाणाराही खाऊ शकत नाही.

म्हणून रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. एकट्या दिवसाच्या आकड्यावर हुरळू नये आणि खचूही नये. शिवाय कमरेचा घेर मोजावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. उंची आणि वजन एवढ्यावरून चरबी कळत नाही, हे आपण भारतीयांनी तर विशेषच लक्षात ठेवायला हवे.

बहिणीने सुरुवातीला घेर मोजलेला नव्हता. पण मुंजीसाठीचा पंजाबी ड्रेस तिने डाएट सुरू करण्याच्या आदल्या दिवशी शिवायला टाकला होता, आणि शिवणाऱ्या बाईंच्या वहीत कमरेचे माप होते ३९ इंच. मी टेप लावली, तेव्हा ते ३८ भरले. दिनदर्शिकेवर ८२.५ च्या खाली तिने पेन्सिलीने तो आकडा लिहिला.