मासेमारी नौकांचे स्थैर्यनिरीक्षण

मासेमारी नौका समुद्रात असतानाच तिचे स्थैर्य सतत मोजून, ते घटू लागताच तांडेलाला सावध करण्याची पद्धत. मालवाहू जहाज बंदरात भरते आणि बंदरातच रिकामे होते, त्यामुळे त्याच्या तोलाचा हिशोब आधीच मांडता येतो. मासेमारी नौकेचा तोल मात्र भर समुद्रात बदलतो. तळच्या टाक्यांतले डिझेल संपत जाते, ओली जाळी डेकवर चढतात, अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूला धावते. डेरिकला, म्हणजे जाळे उचलणाऱ्या उंच दांड्याला, टांगलेल्या जाळ्याचा भार तर डेरिकच्या टोकावरच आहे असे धरावे लागते. थंड समुद्रात यात बर्फाची भर पडते. फेब्रुवारी १९६८ मध्ये आइसलँडजवळ वादळात रॉस क्लीव्हलँड हा ब्रिटिश ट्रॉलर साचलेल्या बर्फाच्या भाराने उलटला. एकच खलाशी वाचला.

नौका थोडी कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. तो गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकी नौका जोराने सरळ होते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेनुसार एकडेकी मासेमारी नौकेत हे अंतर किमान ०.३५ मीटर असावे.

चालत्या नौकेत हे अंतर थेट मोजता येत नाही, पण डोलण्याच्या वेळेवरून काढता येते. नौकेची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला साधारण ०.८ ने गुणावे आणि एका पूर्ण डोलाच्या सेकंदांनी भागावे. येणाऱ्या संख्येचा वर्ग म्हणजे ते अंतर. सहा मीटर रुंद नौका पावणेसहा सेकंदांत डोलत असेल तर अंतर सुमारे ०.७ मीटर भरते. डोल आठ सेकंदांवर गेला की ते ०.३६, म्हणजे मर्यादेला टेकलेले. (जिवंत मासळीची टाकी असलेल्या नौकांना ०.८ ऐवजी ०.६ धरतात.) गंमत अशी की झटके देणारी नौका खलाशांना नकोशी वाटते आणि संथ डोलणारी सुखाची. धोका नेमका त्या संथपणात असतो, आणि दमलेल्या माणसाला तो जाणवत नाही. म्हणूनच यंत्र हवे.

यंत्र तसे साधे: डोल टिपणारे जायरोस्कोप आणि प्रवेगमापक, एक छोटा संगणक, सुकाणूघरात हिरवा-पिवळा-लाल दिवा. अवघड काम आकडेमोडीचे आहे. लाटा नौकेला आपल्या तालावर डोलवतात. त्यातून नौकेचा स्वतःचा ताल वेगळा काढावा लागतो. स्पेनमधील ला कोरुन्या विद्यापीठात यावर संशोधन झाले आहे. खोटे इशारे वारंवार येऊ लागले, तर यंत्र बंद करून ठेवले जाण्याची शक्यता मोठी.

शिवाय डोलाची वेळ फक्त लहान कलाबद्दल बोलते. होल्डचे (डेकखालच्या मासळीच्या कोठाराचे) झाकण उघडे आहे, डेकवरचे पाणी बाहेर टाकणारी भोके जाळ्यांनी बुजली आहेत, जाळे तळाशी अडकून नौकेला एका बाजूला खेचते आहे, यांपैकी काहीही तिच्यातून कळत नाही.